काचेतले रान आणि बांधीतला बेडूक

मोबाईलने एक गोष्ट बरी केली. अर्जुनी मोरगावच्या वस्तीतले पोरगेही आता दक्षिण अमेरिकेतले रान बसल्या जागी पाहते. अलीकडे दोन-तीन मुलांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला. काचेच्या पेटीत हिरवागार झाडोरा, वरून बारीक पावसासारखे पाणी आणि त्यात निळे, पिवळे, लाल बेडूक. असे आपल्या घरी करता येईल काय? मोठी माणसे असला प्रश्न हसण्यावारी नेतात. "बेडूकच पाहायचा तर जा की बांधीत!" म्हणून पोराला गप्प करतात. आम्हाला ते पटत नाही. मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर जमाखर्चासकट दिले पाहिजे. म्हणून या वेळचे आमचे सदर त्या काचेच्या पेटीसाठी.

आधी त्या बेडकाची ओळख करून घेऊ. त्याला डार्ट फ्रॉग म्हणतात. डार्ट म्हणजे फुंकनळीतून मारायचा बारीक बाण. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या ओल्या जंगलात हे बेडूक राहतात. बहुतेक अंगठ्याच्या पेराएवढे. मोठा म्हटला तरी ५ सेंटिमीटरच्या आसपास. कोलंबिया देशाच्या पश्चिम किनाऱ्याकडील जंगलात एम्बेरा नावाचे आदिवासी राहतात. ते शिकारीच्या बाणाचे टोक या बेडकाच्या पाठीवर घासत आणि त्या विषारी बाणाने शिकार करीत. त्यावरून हे नाव पडले. खरे तर या कुळात जाती पुष्कळ, पण बाणासाठी वापरल्या गेलेल्या जाती मोजक्याच. त्यातला सर्वांत जहाल पिवळाधमक बेडूक शास्त्रज्ञांनी १९७८ साली जगापुढे मांडला.

मुलांनो, यातली खरी गंमत पुढे आहे. हे विष बेडूक स्वतःच्या अंगात जन्मतः घेऊन येत नाही. रानातल्या विशिष्ट मुंग्या, कोळ्यांच्या जातीचे बारीक किडे, भुंगेरे खाऊन ते त्याच्या कातडीत साठते. पेटीत जन्मलेल्या आणि फळमाश्यांवर वाढलेल्या त्याच जातीच्या बेडकात विष नसते. रंग तोच, रूप तेच. पण रान सुटले की त्याची ताकदही सुटते! प्राणी म्हणजे नुसते त्याचे शरीर नव्हे, त्याच्या भोवतालची माती, पाने, किडे हे सारे मिळून तो घडतो. पुढचे सगळे समजायला ही एक गोष्ट मनात धरून ठेवा.

आता पेटीकडे वळू. तिचा जन्म लंडन शहरात झाला. तिथे नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड नावाचे एक डॉक्टर होते. गोदीजवळच्या धुरकट वस्तीत त्यांचे घर. त्यांना नेचे लावण्याची हौस होती, पण कारखान्यांच्या धुरात एकही नेचा तग धरीना. १८२९ साली त्यांनी पतंगाचा कोष फुटताना पाहावा म्हणून ओल्या मातीसकट तो एका बाटलीत ठेवला आणि झाकण लावले. काही दिवसांनी पाहतात तो मातीतून नेच्याचे आणि गवताचे कोंब वर आलेले! उन्हाने मातीतली ओल वाफ होऊन काचेवर जमे आणि थेंब होऊन पुन्हा मातीत उतरे. बाहेरचा धूर आत नाही, आतली ओल बाहेर नाही. वर्षानुवर्षे ती रोपे त्या बाटलीत जगली.

ही साधी गोष्ट, पण तिने जगाची शेती हलवली. वॉर्ड यांच्या काचेच्या पेट्यांत घालून रोपे महिनोन् महिने जहाजावरून नेता येऊ लागली. १८३३ साली अशा पेट्या लंडनहून ऑस्ट्रेलियातल्या सिडनीला सुखरूप पोहोचल्या. पुढे रॉबर्ट फॉर्च्यून या माणसाने चीनमधली चहाची हजारो रोपे अशाच पेट्यांतून आणून हिमालयाच्या पायथ्याशी पोहोचवली. हिवतापावरचे क्विनाइन ज्या झाडाच्या सालीतून निघते, ते सिंकोनाचे झाड दक्षिण अमेरिकेतून आपल्या देशात आणण्याच्या कामीही याच पेट्या लागल्या. आज परदेशात दिवाणखान्यात दिसणारी बेडकाची हिरवी पेटी ही त्याच कुळातली.

ती पेटी भरतात कशी, ते आता क्रमाने सांगतो. त्यात कोणतीही जादू नाही. चार थर आणि थोडा धीर, एवढेच.

काचेची पेटी साधारण ४५ सेंटिमीटर लांब-रुंद आणि ६० सेंटिमीटर उंच घेतात. माशांची जुनी टाकी असली तरी चालते. वरचे झाकण बहुतेक काचेचे, आणि हवा खेळायला एका कडेला बारीक जाळीची पट्टी. तळाला ४-५ सेंटिमीटर जाडीचा खड्यांचा किंवा भाजलेल्या मातीच्या गोळ्यांचा थर. जास्तीचे पाणी निथळून इथे साठते, म्हणून वरच्या मुळ्या कुजत नाहीत. धानाच्या पऱ्ह्यात पाणी तुंबले तर काय होते, ते आपल्या घरच्या बायांना सांगायला नको! या थरावर मच्छरदाणीच्या कापडासारखी जाळी, म्हणजे वरची माती खाली उतरत नाही.

जाळीवर माती. ही शेतातली काळी चिकण माती नव्हे. अमेरिकेतल्या अटलांटा शहराच्या वनस्पती उद्यानाने यासाठी एक मिश्रण बसवले, तेच आज सगळीकडे वापरतात. त्यात झाडाची साल, नेच्याच्या खोडाचा काथ्या, वाळलेले शेवाळ, दलदलीतला कुजका पालापाचोळा आणि कोळसा असतो. मतलब एवढाच, की माती भुसभुशीत राहावी, ओल धरावी, पण दाबून घट्ट होऊ नये. आपल्याकडे नारळाच्या काथ्याचा भुसा, चुलीतला लाकडी कोळसा बारीक करून, थोडी वाळू आणि चाळलेले पानखत एवढ्यात हे काम भागते.

त्यावर वाळलेल्या पानांचा थर. हा थर शोभेसाठी नाही. या पानांखाली बेडूक लपतो, तिथेच त्याची शिकार सापडते. पानांत दोन प्रकारचे कामकरी सोडतात. एक म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारे, टुणकन उडणारे पांढरे किडे. त्यांना स्प्रिंगटेल म्हणतात. दुसरे, दगड उचलला की अंगाची गोळी करून बसणारे राखाडी किडे. हे दोघे बुरशी, कुजकी पाने आणि बेडकाची विष्ठा खाऊन पेटी साफ ठेवतात. ज्या पेटीत हे सफाईचे काम करणारे नसतात, ती पेटी महिन्याभरात कुबट वास मारू लागते. दिवाणखान्यात पाहुणा रंगीत बेडकाचे कौतुक करतो. पण पेटी जिवंत राहते ती पानाखाली राबणाऱ्या या किड्यांच्या जिवावर. वाचकहो, हे आमच्या वाचकांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

शेवटी झाडे. नेचे, शेवाळ, मनीप्लांटची वेल आणि अननसाच्या कुळातली ब्रोमेलियाड नावाची झाडे. या ब्रोमेलियाडच्या पानांच्या बेचक्यात पाणी साठते आणि तेच या बेडकांचे पाळणाघर. काही जातींत अंड्यातून पिल्ले निघाली की बाप त्यांना पाठीवर बसवून या पाण्यात नेऊन सोडतो. लाल रंगाच्या एका जातीत आई दर काही दिवसांनी फेरी मारते आणि पिल्लाला खायला स्वतःची न फळलेली अंडी घालते. अंगठ्याएवढा जीव, पण लेकरासाठी किती खटाटोप!

दिवसाला बारा तास दिव्याचा उजेड, सकाळ-संध्याकाळ पाण्याचा बारीक फवारा. पाणी क्लोरीन नसलेले, शक्यतो पावसाचे. हे सगळे मांडून झाले तरी बेडूक लगेच आणत नाहीत. झाडांनी मूळ धरेपर्यंत आणि पानांखालचे किडे वाढेपर्यंत महिना-दीड महिना पेटी तशीच ठेवतात. आधी घर, मग घरात राहणारा. जाणते लोक या नियमात घाई करीत नाहीत.

इथपर्यंत जमेची बाजू झाली. आता खर्चाची बाजू पाहू.

या बेडकाला २२ ते २७ अंश उष्णता मानवते. तिशीच्या वर गेली की तो आजारी पडतो, मरतोही. आपल्या अर्जुनी मोरगावात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. टिनाच्या छताखाली तर विचारूच नका! म्हणजे ज्या घरात लेकरू ओल्या फडक्यावर झोपते, तिथे बेडकासाठी दिवसरात्र गारवा लागणार. वीज गेली की जीव गेला. खायला रोज जिवंत फळमाश्या, त्यांवर चुन्याची आणि जीवनसत्त्वाची भुकटी. त्या माश्याही बाटल्यांत घरीच वाढवायच्या. नीट सांभाळला तर हा बेडूक दहा वर्षांहून अधिक जगतो. म्हणजे सातवीतल्या मुलाने आणलेला बेडूक तो नोकरीला लागेपर्यंत सांभाळायचा. हौस एका दिवसाची, जबाबदारी दहा वर्षांची.

दुसरा खर्च कायद्याचा. हे बेडूक वन्य प्राण्यांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. यादीतला परदेशी प्राणी जवळ असेल तर त्याची सरकारदरबारी नोंद करणे आता बंधनकारक आहे. त्याचे नियम २०२४ साली आले. तेव्हा कोणी चोरून-लपून "घे, स्वस्तात देतो" म्हणाला, तर त्या वाटेला जाऊ नये. आणि परदेशी मिळत नाही म्हणून आपल्या शेतातला बेडूक धरून काचेत कोंडणे, हेही योग्य नव्हे.

तिसरा खर्च सगळ्यांत मोठा. तो पेटीच्या मालकाला भरावा लागत नाही, गावाला भरावा लागतो. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन इथल्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात निळे डार्ट फ्रॉग मरू लागले. शास्त्रज्ञांनी मेलेल्या बेडकाच्या कातडीतून एक बुरशी वेगळी काढली आणि १९९९ साली तिला नाव दिले. बेडूक कातडीतून पाणी आणि क्षार घेतो. ही बुरशी नेमकी कातडीलाच धरते. २०१९ साली जगभरातल्या शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, तेव्हा या रोगाने बेडूकवर्गातल्या किमान ५०१ जाती घटल्या आणि त्यांतल्या ९० नामशेष झाल्या असाव्यात, असे दिसले. ही बुरशी मूळची पूर्व आशियातली आणि बेडकांच्या व्यापाराबरोबर ती देशोदेशी पसरली, असे २०१८ च्या संशोधनातून पुढे आले. आपल्या देशातही तिचे अस्तित्व आढळले आहे. म्हणून पाळलेला कोणताही परदेशी जीव कंटाळा आला म्हणून बोडीत सोडणे, किंवा त्याच्या पेटीतले पाणी तळ्यात ओतणे, हा खेळ नव्हे. तो गावाच्या पाण्यात रोग सोडण्याचा प्रकार आहे.

बेडूक गेल्याने माणसाचे काय बिघडते, असे कोणी विचारेल. मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका आणि पनामा या देशांत याच बुरशीने बेडकांचा सफाया केला. जिथे बेडूक गेले, तिथे पुढची काही वर्षे हिवतापाचे रुग्ण वाढले, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. बेडूक आणि त्यांची पिल्ले डास आणि डासांच्या अळ्या खातात; खाणारे गेले की डास माजतात. आपला भाग जंगलाचा, तलावांचा आणि धानाच्या पाण्याचा. हिवतापाने अंथरुणाला खिळलेला माणूस म्हणजे बुडालेली मजुरी, हे आपल्या घराघरात ठाऊक आहे. तेव्हा बेडकाचा प्रश्न हा शौकिनांचा प्रश्न आहे, असे समजू नका. तो रोजीचा प्रश्न आहे.

आणि रंगीत बेडकासाठी कोलंबियाला जायची तरी काय गरज? पहिला दमदार पाऊस पडू द्या. उन्हाळाभर मातीत दडून बसलेला आपला मोठा बेडूक वर येतो. त्या दिवसांत नर लिंबासारखा पिवळा होतो आणि ओरडताना त्याच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्याशार पिशव्या फुगतात. पिवळा आणि निळा, दोन्ही रंग एकाच बेडकात, आणि तेही फुकट! याच बेडकाच्या तंगड्या एके काळी आपल्या देशातून परदेशी हॉटेलांसाठी जहाजे भरभरून जात. शेतातला कीड खाणारा मजूरच विकला जातो आहे, हे लक्षात आल्यावर १९८७ साली भारत सरकारने ही निर्यात बंद केली. शिवाय आपल्याकडे न्हाणीच्या भिंतीला चिकटून बसणारा झाडबेडूक आहे. तो पाण्यावर झुकलेल्या फांदीला किंवा टाक्याच्या भिंतीला पांढऱ्या फेसाचे घरटे करतो. पिल्ले फेसातून सुटून खाली पाण्यात पडतात. नखाएवढा एक बेडूक आहे, पण आवाज असा की जणू दहा जण ओरडताहेत. पाण्याच्या पृष्ठावरून टपटप उड्या मारीत पळणारा आहे. अंगावर खडबडीत गाठी असलेला भेक तर प्रत्येक घराच्या दिव्याखाली असतोच.

या सगळ्यांची पेटी कोणती? आपल्या भागातल्या बोड्या, बांध्या आणि मामा तलाव! मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. कोहळी समाजातल्या जाणत्या माणसांनी आणि मातीची टोपली वाहणाऱ्या असंख्य हातांनी ते शेकडो वर्षांपूर्वी बांधले. आपल्या तालुक्यातला नवेगावबांध त्यांतलाच. काचेच्या पेटीत माणूस जे थर पैसे मोजून रचतो, ते इथे आधीच रचलेले आहेत. वर तलावाची पाळ, खाली बोडी, मध्ये बांधी, धुऱ्यावर पळस आणि मोहाची पाने, पानांखाली राबणारे किडे. फवारा मारायला पावसाळा. या पेटीला वीज लागत नाही. हिला फक्त आपण बिघडवू नये, एवढेच लागते.

मग मुलांनी काय करावे? पेटी जरूर करावी! पण बेडकाविना करावी. काचेची रुंद तोंडाची बरणी घ्या. तळाला धुतलेले खडे, त्यावर कोळशाचा चुरा, जाळीचा तुकडा, मग काथ्याच्या भुशाची माती. विहिरीच्या कडेचा एखादा छोटा नेचा, पावसाळ्यात भिंतीवर वाढणारे मखमली शेवाळ, वर उकळत्या पाण्यातून काढलेली दोन-चार वाळकी पाने. माती ओली करा, पण चिखल नको. झाकण लावा आणि बरणी उजेडात ठेवा. उन्हात मात्र नको, नाही तर आतली झाडे शिजतील. सकाळी काचेवर दव दिसेल, दुपारपर्यंत ते उतरेल. पाऊस कसा पडतो, हे पुस्तकातल्या चित्रापेक्षा ही बरणी चांगले शिकवते. काच सतत पांढरी दिसली तर झाकण तासभर उघडा, दव मुळीच दिसले नाही तर चार चमचे पाणी घाला. रोज काय दिसले ते वहीत तारखेसह लिहा. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ही बरणी आणि ही वही कोणत्याही विकतच्या प्रयोगापेक्षा सरस ठरेल.

आणि मोठ्यांनी काय करावे? परसात न्हाणीचे पाणी जाते तिथे एक कोपरा ओला, सावलीचा राहू द्यावा. फुटका रांजण आडवा टाकून त्याच्या आत-बाहेर पाला पडू द्यावा. भेक आपण होऊन येऊन बसतो. उघड्या टाक्यात एक काठी तिरपी ठेवावी, म्हणजे पडलेला बेडूक चढून बाहेर येईल. धानावर फवारणी करायचीच असेल तर मापाने करावी, आणि पंप किंवा औषधाचा डबा बोडीत धुऊ नये. बेडूक कातडीने पाणी पितो, म्हणजे पाण्यातले विषही कातडीनेच पितो. शेत दुसऱ्याचे असेल आणि आपण मजुरीला असू, तरी पंप कुठे धुवायचा हे बहुधा आपल्याच हातात असते. त्या पाण्यात पुढे रोवणीला आपल्याच माताभगिनी उभ्या राहणार आहेत, हेही विसरू नये.

मुलांच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे आहे. काचेच्या पेटीत रान उभे करता येते, त्यासाठी लागणारे शहाणपण शिकावे, ते मोलाचे आहे. परदेशातला बेडूक परदेशातल्या रानात राहू द्यावा. तिथे त्याच्या रंगाला त्याचे विषही सोबत आहे. आपल्या वाट्याला जी पेटी आली आहे, तिची पाळ फुटू नये, तिचे पाणी नासू नये, याची राखण आपण करावी. येत्या पावसाळ्यात मुलांनी आपल्या वस्तीजवळच्या बोडीवर संध्याकाळी मोठ्या माणसाबरोबर जावे, पाण्यात न उतरता काठावर उभे राहावे आणि किती प्रकारचे आवाज ऐकू येतात ते मोजावे. आकडा वहीत लिहून ठेवावा आणि दरवर्षी त्याच बोडीवर पुन्हा मोजावा. आकडा घटला तर ग्रामसभेत उभे राहून विचारावे, की आमच्या बोडीत काय बिघडले? हातात वही असलेल्या मुलाचा प्रश्न सहजासहजी टाळता येत नाही.